रुग्णालयासाठी निधी मंजूर झाला, पुढे काय? सरकारी गुंतवणूक मोजायची कशी

धागाकर्ती

स्थानिक सार्वजनिक रुग्णालयासाठी सरकारने निधी मंजूर केला की बातमीत तीन गोष्टी हमखास असतात: एकूण रक्कम, वाढणाऱ्या खाटांची संख्या आणि येणाऱ्या यंत्रांची नावे. मी बरीच वर्षे सार्वजनिक आरोग्याच्या लेखा शाखेत काम केले आहे आणि माझा अनुभव असा आहे की या तिन्ही गोष्टींवरून रुग्णाच्या पदरात काय पडणार, ते कळत नाही. ते कळते चौथ्या गोष्टीवरून. ही इमारत आणि ही यंत्रे चालवण्यासाठी दरवर्षी जो खर्च लागणार आहे, तो कोणत्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातील कोणत्या खात्यात) आणि किती वर्षांसाठी धरला आहे, ही ती चौथी गोष्ट. बातमीत ती नसतेच. दुर्दैवाने अनेकदा ती मंजुरीच्या कागदांतही नसते.

भांडवली खर्च एकदाच होतो आणि तो डोळ्यांना दिसतो. पगार, औषधे, वीज, पाणी, दुरुस्ती, कपडे धुणे, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट हा आवर्ती खर्च मात्र रुग्णालय उभे असेपर्यंत संपत नाही, आणि काही वर्षांतच त्याची बेरीज बांधकामाच्या खर्चाला मागे टाकते. मनुष्यबळाचे साधे गणित पाहा. आठवड्याचे तास १६८. एक परिचारिका आठवड्याला ४० तास काम करते असे धरले, तर विभागातील एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला ४.२ परिचारिका लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण जमेस धरले की हा आकडा पाचाच्या घरात जातो. म्हणजे प्रत्येक पाळीत दहा परिचारिका हव्या असतील तर सुमारे पन्नास पदे मंजूर हवीत, आणि नुसती मंजूर नव्हे, तर भरलेली हवीत. खाटा वाढवण्याचा आदेश आणि पदनिर्मितीचा आदेश ही दोन वेगळी कागदपत्रे असतात, ती वेगवेगळ्या टेबलांवरून जातात, आणि दुसरे कागदपत्र पहिल्याच्या कितीतरी मागे राहिलेले मी स्वतः पाहिले आहे.

एक प्रसंग सांगते. एका रुग्णालयाच्या श्रेणीवर्धनात सुसज्ज शस्त्रक्रियागृह बांधले गेले. टेबल आले, दिवे आले, भूल देण्याचे यंत्र आले. भूलतज्ज्ञाचे पद मात्र आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, नव्हते. ते निर्माण करण्याचा प्रस्ताव दोन विभागांमध्ये फिरत राहिला आणि तोवर त्या खोलीत सलाइनची खोकी रचली जात होती. हिशेबाच्या वहीत हे काम 'पूर्ण' म्हणून नोंदवले गेले, आणि ती नोंद माझ्याच हातची होती. कागदोपत्री ती चुकीची नव्हती. तरीही ती नोंद मला आजवर सलत आली आहे, म्हणून हा धागा काढला.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ साली पहिल्या पातळीच्या रुग्णालयाची क्षमता ओळखण्यासाठी तीन शस्त्रक्रिया निवडल्या: सिझेरियन, पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया, आणि हाड बाहेर आलेल्या अस्थिभंगावरील उपचार. या तिन्ही जिथे सुरक्षितपणे होतात, तिथे बाकीचेही बरेच काही होऊ शकते, हा त्यामागचा विचार. मला ही कसोटी फार पटते, कारण एका सिझेरियनसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, परिचारिका, रक्त, प्राणवायू, वीज, निर्जंतुक साहित्य आणि नवजात बाळाकडे पाहणारे कुणी, हे सगळे एकाच वेळी आणि मध्यरात्रीही जागेवर असावे लागते. साखळीतील एक कडी नसेल तर उरलेल्या सगळ्या कड्यांवर झालेला खर्च त्या रात्रीपुरता निरुपयोगी असतो.

रुग्णालयातील गुंतवणूक खरोखर झाली हे आपण कशावरून ठरवावे? आपापल्या कामातून आलेला अनुभव लिहावा, ही विनंती.

प्रतिसाद १ : निवृत्त परिसेविका

ताई, आपण मांडलेले पाळ्यांचे गणित आम्ही आयुष्यभर जगलो. त्यात एकच भर घालते. मंजूर खाटा आणि प्रत्यक्षातील रुग्ण हे दोन आकडे सार्वजनिक रुग्णालयात क्वचितच जुळतात, कारण आम्ही कुणाला परत पाठवू शकत नाही. खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या घातल्या जातात. पदे मंजूर खाटांवरून ठरतात, काम मात्र गाद्यांसकट मोजावे लागते.

याचा परिणाम केवळ दमणुकीपुरता नसतो. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांचे प्रमाण कायद्यानेच ठरवले आणि २००४ पासून ते अमलात आणले. रात्रपाळीला एकटीने मोठा विभाग सांभाळलेल्या कुणालाही हे आकडे नवे वाटणार नाहीत. एका कोपऱ्यात रक्तस्राव वाढत असतो आणि आपण दुसऱ्या कोपऱ्यात सलाइन बदलत असतो. रुग्ण बिघडतो तो एकदम नाही. नाडी आणि रक्तदाब दोन-तीन तास आधीपासून इशारा देत असतात, पण तो इशारा टिपायला कुणीतरी खाटेपाशी जावे लागते.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी कुणी फीत कापत नाही: निर्जंतुकीकरण. ऑटोक्लेव्ह (वाफेने साहित्य निर्जंतुक करणारे यंत्र) एकच असेल आणि तो बिघडला, तर शस्त्रक्रियागृह कितीही नवे असो, त्या दिवशीची यादी रद्द होते. धुलाई यंत्र बंद पडले की चादरी पुरत नाहीत, चादरी पुरल्या नाहीत की एकाची खाट दुसऱ्याला तशीच दिली जाते, आणि मग जंतुसंसर्गाचे कारण शोधण्यासाठी समिती नेमली जाते.

प्रतिसाद २ : जैववैद्यकीय अभियंता

माझे काम बंद पडलेली यंत्रे सुरू करण्याचे आहे, त्यामुळे मी यंत्रांपुरतेच लिहितो.

कमी साधनांच्या देशांतील रुग्णालयांत किती यंत्रे बंद असतात, याचा अंदाज पेरी आणि मॅल्किन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. तो सुमारे ४० टक्के होता. यंत्रे वाईट असतात म्हणून ती बंद पडतात, असा अनेकांचा समज आहे. मला दिसलेली कारणे साधी आहेत. विजेचा दाब वरखाली होतो आणि स्थिरक बसवलेला नसतो. हमीचा काळ संपतो आणि देखभालीचा करार केलेला नसतो. यंत्र हाताळायला शिकलेल्या तंत्रज्ञाची बदली होते आणि त्याच्या जागी आलेल्याला कुणी शिकवत नाही. एखादा छोटा सुटा भाग मागवायला जी परवानगी लागते, ती देण्याचा अधिकार रुग्णालयात कुणालाच नसतो.

प्रयोगशाळेतील विश्लेषक यंत्रांचा प्रश्न त्याहून बिकट आहे. काही यंत्रे अशी असतात की त्यांच्यात त्याच उत्पादकाची अभिकर्मके (चाचणीसाठी लागणारी रसायने) चालतात. यंत्र अगदी कमी दरात किंवा देणगी म्हणून येते आणि खरा खर्च पुढची सगळी वर्षे अभिकर्मकांवर होत राहतो. अंदाजपत्रकात तो धरलेला नसेल तर चाचण्या बंद होतात, आणि आतल्या यंत्राला काहीही झालेले नसताना रुग्ण बाहेरच्या प्रयोगशाळेत पैसे मोजतो. म्हणून निविदा काढतानाच यंत्राच्या पूर्ण आयुष्याचा खर्च मागवला पाहिजे, म्हणजे खरेदी, बसवणी, प्रशिक्षण, देखभाल, सुटे भाग, अभिकर्मके आणि शेवटी यंत्र मोडीत काढण्याचा खर्चसुद्धा. सर्वांत कमी किमतीची निविदा आणि सर्वांत कमी खर्चाचे यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

केनियाचा अनुभव येथे बोलका आहे. तेथील केंद्र सरकारने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणे भाडेतत्त्वावर घेण्याची मोठी योजना आणली आणि ४७ काउंटींमधील (तेथील जिल्ह्यांसारख्या प्रशासकीय विभागांमधील) ९८ रुग्णालयांना उपकरणे देण्याचे ठरवले. देखभाल करारातच होती, त्यामुळे कागदावर योजना उत्तम दिसत होती. पण काही ठिकाणी यंत्रे पोहोचली तेव्हा ती चालवायला प्रशिक्षित माणसे नव्हती, काही ठिकाणी पुरेशी वीज किंवा योग्य जागा नव्हती, आणि हप्ते मात्र काउंटींच्या वाट्याच्या निधीतून जात राहिले. पुढे तेथील सिनेटने या योजनेची चौकशी केली. हवे काय, हे ज्यांनी ते वापरायचे त्यांना विचारायचे राहून गेले, की देखभालीचा करारही उपयोगी पडत नाही.

प्राणवायूबद्दलही थोडे. कोविडच्या साथीत सर्वांना कळले की प्राणवायू ही खाटेइतकीच मूलभूत गोष्ट आहे. एक लहान कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे यंत्र, मिनिटाला ५ किंवा १० लिटर प्राणवायू देतो. उच्च प्रवाहाच्या नळीने उपचार घेणाऱ्या रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्रवाह लागू शकतो. साथीत घाईघाईने अनेक ठिकाणी प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प उभे राहिले. आता त्यांचे गाळण बदलणे, वायूची शुद्धता तपासणे आणि कॉम्प्रेसरची निगा राखणे यांसाठी दरवर्षी पैसा आणि माणूस दोन्ही लागतात. ते नसतील तर पुढची साथ येईल तेव्हा प्रकल्प जागेवर असेल आणि वायू नसेल.

प्रतिसाद ३ : बांधकाम क्षेत्रातील एक सदस्य

वरील तिन्ही लेखांतील तळमळ मला समजते, तरीही एका मुद्द्यावर माझा स्पष्ट मतभेद आहे. आवर्ती खर्चाचे महत्त्व सांगताना इमारतीवरचा खर्च म्हणजे जणू देखावा, असा सूर लागू नये. इमारतीकडे दुर्लक्ष केले की तेही रुग्णांनाच भोवते.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेची पाहणी करून लॉर्ड डार्झी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात दैनंदिन खर्चाची तूट भरून काढण्यासाठी भांडवली निधी वर्षानुवर्षे वळवला गेल्याचे नोंदवले आहे आणि भांडवली गुंतवणुकीतील एकूण कमतरता ३७ अब्ज पौंड असल्याचे म्हटले आहे. किंग्ज लिन येथील क्वीन एलिझाबेथ रुग्णालयाचे छत हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या फळ्यांचे आहे. त्या फळ्यांचे आयुर्मान संपल्यामुळे छताला हजारो टेकू द्यावे लागले आणि त्या टेकूंच्या मधून रुग्णांच्या खाटा ढकलल्या जात होत्या. तिथे डॉक्टर होते, परिचारिका होत्या, पगारही वेळेवर होत होते. कमी पडली ती इमारतीवरची गुंतवणूक.

वीजवाहिन्यांवरचा वाढता भार, आगीपासून संरक्षण, सांडपाणी, उद्वाहक या गोष्टीही बांधकामातच येतात. जुन्या वायरिंगवर नवी यंत्रे जोडली की काय होते, हे अभियंता मित्र जाणतातच. नवजात शिशूंच्या कक्षात प्राणवायूचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे तेथे साधी ठिणगीही पुरते. म्हणून 'इमारत नको, माणसे द्या' अशी मागणी कुणी करू नये.

प्रतिसाद ४

पदे निर्माण केली तरी लहान ठिकाणी तज्ज्ञ डॉक्टर येत नाहीत आणि आले तरी टिकत नाहीत, हा खरा प्रश्न आहे. त्याला निधी हे उत्तर आहे काय? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद ५ : सार्वजनिक आरोग्य विषयाची अध्यापिका

प्रतिसाद ४ मधील प्रश्नावर थायलंडचा अनुभव मी वर्गात नेहमी सांगते. थायलंडच्या सार्वत्रिक आरोग्य योजनेचे कौतुक सगळीकडे होते. २००१ मध्ये ती सुरू झाली, २००२ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला आणि भेटीमागे ३० बात इतकेच शुल्क ठेवले गेले. पण ती योजना चालू शकली, कारण तिच्या आधीची तीस वर्षे पाया घालण्यात गेली होती. १९७२ पासून वैद्यकीय पदवीधरांना सरकारी सेवा बंधनकारक झाली. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊन त्यांना त्याच भागात नेमण्याचे कार्यक्रम राबवले गेले. १९८० च्या दशकात तर मोठ्या शहरी रुग्णालयांतील नवी गुंतवणूक काही वर्षे रोखून तो पैसा जिल्ह्याच्या लहान रुग्णालयांकडे वळवण्यात आला. या शेवटच्या निर्णयाला राजकीय धैर्य लागले असणार, कारण मोठ्या रुग्णालयांचा आवाज नेहमीच मोठा असतो.

यातून मला दिसते ते असे. सक्तीच्या सेवेने तरुण डॉक्टर येतो, पण तो टिकतो तो इतर कारणांनी. राहण्याची सोय, ग्रामीण भागासाठी जादा भत्ता, पुढच्या शिक्षणात प्राधान्य, आणि जे शिकलो ते वापरता येईल असे रुग्णालय, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. शस्त्रक्रियातज्ज्ञाला नेमले आणि भूलतज्ज्ञ दिला नाही, तर पहिला माणूस वर्षभरात बदली मागतो. यात त्याचा दोष मानता येत नाही. तज्ज्ञ एकेकटे नेमण्याऐवजी जोडीने किंवा गटाने नेमले पाहिजेत. कर्मचाऱ्यांची निवासस्थाने ही यासाठीच आवश्यक असलेली भांडवली गुंतवणूक आहे, आणि या बाबतीत प्रतिसाद ३ मधील सदस्य माझ्याशी सहमत होतील असे वाटते.

सरकारांनी आकडे जाहीर करणे सोपे असते, हेही येथे नोंदवते. आफ्रिकी देशांनी एप्रिल २००१ मध्ये अबुजा येथे अंदाजपत्रकाच्या किमान १५ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले. त्यांतील बहुतेक देश त्या आकड्यापर्यंत पोहोचू शकलेले नाहीत.

प्रतिसाद ६

सरकारकडे एकरकमी पैसा नसेल तर खासगी भागीदाराने रुग्णालय बांधावे आणि चालवावे, सरकारने दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी, असा पर्याय अनेकदा सुचवला जातो. धागाकर्तींनी मांडलेला आवर्ती खर्चाचा प्रश्न त्यात आपोआप सुटतो, असाही दावा असतो. लेसोथोची राजधानी मासेरू येथे २०११ मध्ये सुरू झालेले क्वीन मामोहाटो स्मृती रुग्णालय अशाच करारातून उभे राहिले. तेथील सेवेचा दर्जा आधीच्या जुन्या रुग्णालयापेक्षा सुधारला, हे मान्य करावे लागेल. पण देशाच्या आरोग्य अंदाजपत्रकाचा निम्म्याहून अधिक हिस्सा त्या एकाच रुग्णालयाकडे जात असल्याचा दावा ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने २०१४ मध्ये केला. जागतिक बँकेच्या मते हा हिस्सा त्याहून कमी होता, तरीही तो मोठाच होता. २०२१ मध्ये सरकारने तो करार संपुष्टात आणला. ब्रिटनने १९९२ मध्ये सुरू केलेली अशीच पद्धत नव्या प्रकल्पांसाठी २०१८ मध्ये बंद केली.

माझा आक्षेप भागीदारीला नाही. पंचवीस-तीस वर्षांचा करार करणारे मंत्री आणि अधिकारी तो संपेपर्यंत पदावर नसतात, म्हणून असा करार सही होण्याआधी संपूर्णपणे प्रसिद्ध व्हावा, एवढीच माझी मागणी आहे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३ मधील मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या मूळ लेखात तो यायला हवा होता. भांडवली आणि आवर्ती खर्च एकत्र मंजूर व्हावेत, असे म्हणायला हवे होते. ही कल्पना नवीही नाही. अमेरिकेने १९४६ मध्ये रुग्णालये बांधण्यासाठी जो हिल-बर्टन कायदा केला, त्यात हजार लोकांमागे ४.५ खाटांचे उद्दिष्ट होते. मला त्यातील महत्त्वाची वाटते ती दुसरी अट: बांधकामासाठी अनुदान मागणाऱ्याने इमारत पूर्ण झाल्यावर ती चालवायला आणि राखायला पुरेसा पैसा असेल, याची वाजवी हमी अर्जाबरोबरच द्यायची होती. त्याच कायद्याने वंशभेद पाळणाऱ्या रुग्णालयांनाही बराच काळ पैसा मिळू दिला, ही त्याची काळी बाजू. पण ही एक अट उचलण्याजोगी आहे.

औषधांबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. निधी असूनही औषध नसणे, हे आमच्या शाखेत वारंवार दिसे. खरेदी वरच्या पातळीवर होई, मागणी खालून जाई आणि दोहोंची गाठ पडेपर्यंत वर्ष संपत येई; मग उरलेला पैसा संपवण्याच्या घाईत जे उपलब्ध असेल ते घेतले जाई. तमिळनाडूने १९९० च्या दशकाच्या मध्यावर औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ सुरू केले आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिले. त्यात रुग्णालयाच्या वाट्याची रक्कम लिहिलेली असते आणि त्या मर्यादेत रुग्णालय जिल्ह्याच्या गोदामातून आपल्याला हवी ती औषधे उचलते. खरेदी एकत्र झाल्याने दर कमी राहतो आणि निवड रुग्णालयाच्या हाती राहते. लेखा शाखेत आयुष्य घालवलेल्या मला ही व्यवस्था फार सुबक वाटते.

मूळ प्रश्न मात्र अजून उरला आहे. एखाद्या सामान्य नागरिकाने गुंतवणूक फळाला आली की नाही, हे पाहायचे तर नेमके काय पाहावे?

प्रतिसाद ७ : निवृत्त परिसेविका

ताई, मी असते तर एकच वही मागितली असती: पुढच्या रुग्णालयाकडे पाठवलेल्या रुग्णांची नोंदवही. प्रत्येक रुग्णालयात ती असते. नाव-गाव झाकून तीन रकाने पाहायचे: रुग्ण कशासाठी आला, कोणत्या कारणाने पाठवला, आणि किती वाजता. 'भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही', 'रक्त उपलब्ध नाही', 'यंत्र बंद' ही कारणे तिथे आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेली असतात, कारण पाठवताना कारण लिहावेच लागते. नव्या इमारतीच्या आधीच्या वर्षाची आणि नंतरच्या वर्षाची पाने शेजारी ठेवा. बाहेरच्या रुग्णालयात पाठवलेल्या सिझेरियनच्या रुग्ण कमी झाल्या का, आणि रात्री दहानंतरच्या नोंदी कमी झाल्या का, एवढे पाहिले तरी पुरे. दिवसाचे काम पाहणीसाठी आलेल्यांना दिसते. रुग्णालयाची खरी स्थिती रात्रीच्या नोंदींत असते.

माझ्या शेवटच्या वर्षी मी अशी एक नोंद लिहिली होती. बाळंतीण होती, रक्तस्राव थांबत नव्हता. रक्तसाठवणुकीचे शीतकपाट महिनाभरापूर्वी आले होते आणि खोक्यातच होते, कारण ते बसवण्याच्या खोलीत विजेचा स्वतंत्र जोड दिलेला नव्हता. आम्ही गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी ऑक्सिटोसिन दिले, गर्भाशय दाबून धरले, रुग्णवाहिकेत एक परिचारिका सोबत पाठवली आणि कारणाच्या रकान्यात लिहिले, 'रक्त उपलब्ध नाही'. ती वाचली. तो वीजजोड त्यानंतर चार दिवसांत झाला, आणि त्याला लागले होते एका तारतंत्रीचे अर्ध्या दिवसाचे काम.